तळमजल्यावरचं घर, बाहेर जाणारी मांजर आणि पार्किंगमधले बोके: सल्ला हवा

पारिजातक_मुलुंड
नमस्कार मंडळी. घर तळमजल्यावर आहे. मांजरी दोन वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिवसातून दोन-तीनदा बाहेर जाते. पार्किंगमध्ये दोन बोके आणि दोन माद्या आहेत. बोके त्याच खिडकीतून आत येऊन तिचं खाणं फस्त करतात, दारावर मुताचे फवारे मारतात. सोसायटीतले काही जण म्हणतात, पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून या. सुरुवात कुठून करू?

ओटीवरची_माऊ
वाडग्यापासून करा. दिवसभर भरलेलं वाडगं खिडकीपाशी असलं की बोके येणारच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा खायला द्या आणि अर्ध्या तासाने उचला, उरलं असलं तरी. मोठं जेवण दिवेलागणीला द्यायचं. हाक मारल्यावर खायला मिळतं हे कळलं की ती त्या वेळेला घरी येते, मग खिडकी सकाळपर्यंत बंद. मारामाऱ्या आणि गाड्यांखाली येणं रात्री जास्त असतं, म्हणून निदान रात्र तरी घरातच काढायला लावा. पहिला आठवडाभर ती ओरडेल. तेव्हा एकदा जरी उठून खिडकी उघडलीत तर ओरडण्याचा उपयोग होतो हे ती शिकेल.

दारावरचे फवारे फिनेलने पुसू नका. मांजर पंजे चाटते आणि फिनेल तिच्या पोटात जातं, ते तिला विषारी आहे. अमोनियाचा क्लीनरही नको, त्याचा वास मुतासारखाच येत असल्याने बोका पुन्हा तिथेच खूण करतो. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर मिळतो, तो भरपूर ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पुसा. डांबराच्या गोळ्या तर अजिबात ठेवू नका, त्याही विषारीच.

पिंजरेवाला
मासळीबाजारात सोडण्याबद्दल आधी बोलतो. अनोळखी जागी सोडलेलं मांजर तिथल्या मांजरांकडून मार खातं, उपाशी फिरतं. इकडे कचरापेटी आणि उंदीर तसेच राहिल्यामुळे रिकाम्या जागी दुसरी मांजरं येतात, बहुधा ऑपरेशन न झालेली. कोणी विष घालायची भाषा केली तर सरळ सांगा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उपाय म्हणजे चौघांचं ऑपरेशन. आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ छाटलेलं असेल तर ते झालेलं आहे. फाटलेला वाकडातिकडा कान मारामारीतला असतो, त्यावर जाऊ नका.

पकडायला मांजर आत गेलं की दार पडणारा पिंजरा लागतो, तो साधारण ३० इंच लांब घ्या. आठवडाभर त्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि खाणं रोज थोडं थोडं आत सरकवत न्या, शेवटी अगदी मागच्या टोकाला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कोणीच खायला घालायचं नाही. सोसायटीत खायला घालणारे तिघे-चौघे असतात आणि त्यातल्या एकाने जरी दूधभात ठेवला तर सकाळी पिंजऱ्याकडे कोणी फिरकत नाही. शिवाय पोट भरलेलं असेल तर भूल देताना उलटी फुप्फुसात जायचा धोका असतो. सकाळी सुकट किंवा बांगड्याचा तुकडा मागच्या टोकाला ठेवा, दारापासून तिथपर्यंत चिमूट चिमूट सुकट टाका, बाकी काही नको. पिंजरा उन्हात ठेवू नका आणि नजरेआड होऊ देऊ नका.

दार पडलं की लगेच जाड चादर टाका. उघड्या पिंजऱ्यात मांजर सळयांवर धडका देतं, नाक सोलून घेतं. अंधार झाला की बहुतेक मांजरं कोपऱ्यात बसून राहतात.

बोक्याला शक्यतो दुसऱ्या दिवशी सोडता येतं. मादीला टाके असतात, तिला तीन ते पाच दिवस ठेवावं लागतं, नेमकं डॉक्टर सांगतील. सोडायचं जिथून पकडलं तिथेच. फवारे दुसऱ्या दिवशी थांबत नाहीत, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये (जनावरांचा दवाखाना) आणि पालिकेच्या वॉर्डात आधी फोन करून वेळ ठरवा. तारीख मिळाल्याशिवाय पिंजरा लावू नका.

पारिजातक_मुलुंड
मनापासून आभार. एका मादीची आचळं सुजल्यासारखी दिसतात. तिलाही पकडू का?

पिंजरेवाला
थांबा. ती पाजत असणार. आत्ता पकडलीत तर पिल्लं कुठेतरी उपाशी मरतील. जिना, मीटररूम, टाकीमागची जागा बघून ठेवा, पण पिल्लांना हात लावू नका. ती दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागली की आईला घ्या. त्याहून जास्त थांबू नका, पाजतानाही ती माजावर येऊन पुन्हा गाभण राहू शकते आणि ६३-६५ दिवसांत पुढचं वेत. बोके मात्र आधी उरका, त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही.

जाळीकाम
खिडकीचं सांगतो. मच्छरजाळी चालणार नाही, नखांनी दोन दिवसांत फाटते. कबुतरांसाठीची नायलॉन जाळी काही मांजरं दातांनी कुरतडतात. बॉक्स ग्रील असेल तर आतून एक इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली लोखंडी जाळी) लावा, तिची बाहेर बसायची हौसही भागेल. जाळी केबल टायने बांधू नका, उन्हाने ते ठिसूळ होऊन तुटतात. जीआय बाइंडिंग वायरने (जस्ताचा मुलामा दिलेली बांधायची तार) दर सहा इंचांवर बांधा, पिळाची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर तिच्या डोळ्याला लागतील. तळाला ग्रील आणि कट्टा यांत तीन बोटांची फट राहते आणि सगळे तीच विसरतात. पिल्लू तिथूनच निसटतं.

ग्रीलमध्ये दीड मीटर उंचीवर एक फळी द्या. मांजराला जमिनीपेक्षा उंचावरून बघायला आवडतं, ती मिळाली की बाहेरची ओढ कमी होते.

लस_आणि_टाके
बाहेर जाणाऱ्या मांजराला रेबीजची आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन विषाणूजन्य रोगांवरची) लस वेळेवर हवीच. पट्टा घातलात तर ओढ बसल्यावर सुटणाऱ्या बकलाचाच घ्या, साधा पट्टा फांदीत अडकून फास बसतो. ओळख पटवायला कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप त्याहून खात्रीची.

बोक्याचा दात लागला तर वर बारीक भोक दिसतं आणि दोन-चार दिवसांनी आत गळू होतं. रोज संध्याकाळी मान, पाय आणि शेपटीच्या बुंध्यावरून हात फिरवा. गरम, दुखरी गाठ लागली किंवा ती जेवली नाही तर डॉक्टरकडे न्या. घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते.

पकडताना तुम्हालाच चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची इंजेक्शनं सुरू करा. दंडाच्या स्नायूत घेतलीत तर दिवस ०, ३, ७, १४, २८. मध्ये एकही चुकवू नका.

पारिजातक_मुलुंड
वेल्डमेशचं माप उद्याच घेतो. आता पाऊस आला की ही चौघं गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात, त्याचं काय?

ओटीवरची_माऊ
नुकत्याच थांबलेल्या इंजिनाच्या उबेला जातात. पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात विटांवर एक प्लास्टिकचा क्रेट आडवा ठेवा, आत गोणपाट. भिजलं की बदलायचं. आणि नोटीस बोर्डावर लावा: गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा, दहा सेकंद थांबा, चाकांवर एक नजर टाका.