वस्तीतलं अन्नकेंद्र: रोजचं शिजवलेलं ताट की महिन्याचा कोरडा शिधा?

धान्यकोठी

२०२०च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमधून जी सामुदायिक स्वयंपाकघरं उभी राहिली, त्यातली काही आजही रोज शंभर-दोनशे ताटं वाढतात. त्यांच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, रोजची चूल आता थांबवावी आणि त्याच पैशात घरोघरी कोरडा शिधा द्यावा.

हिशोब बघा. २०२०च्या जानेवारीत शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा सरकारनेच तिचा खर्च शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. त्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. म्हणजे चौघांच्या घराला एका वेळेचे २०० रुपये. आजच्या भावानेही तेवढ्यात किलोभर तूरडाळ येते, आणि ती त्या घराला आठवडाभर पुरते.

मात्र शिधा डोळसपणे भरायला हवा. रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३पासून फुकट मिळतं. चौघांच्या घरात २० किलो तांदूळ-गहू येतोच. ते महिनाभर पुरत नाही हे खरं, पण डाळ आणि तेलाच्या नावाने पूर्ण शिमगा असतो. तरी बहुतेक किटांत पुन्हा १० किलो तांदूळ आणि १० किलो गहूच, कारण पोतं मोठं दिसतं. कार्डवाल्या घराला ३ किलो तूरडाळ, १ किलो मसूर, १ किलो शेंगदाणे, २ लिटर तेल, १ किलो साखर, १ किलो मीठ, पाव किलो तिखट आणि १०० ग्रॅम हळद द्या. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांना त्यावर १० किलो तांदूळ आणि १० किलो आटा. सगळ्यांना एकच किट दिलं की एकाकडे तांदळाला टोके होतात आणि दुसऱ्याकडे पंधराव्या दिवशी डबा रिकामा.

चूलभानस

धान्यकोठी, तुमचा हिशोब ज्या घरात चूल आहे त्या घराचा आहे. अन्नकेंद्राच्या रांगेत उभं कोण असतं? मजूर अड्ड्यावर काम न मिळालेला माणूस, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहणारा पोरगा, डोळ्यांना नीट न दिसणारी एकटी आजी, बाळंतीण. यांच्या हातात तूरडाळ दिलीत तर ती शिजवायची कशावर? पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण तो बाजारभावाने घ्यावा लागतो. हातावर पोट असलेला माणूस गॅस संपला की डाळ विकून वडापाव खातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरं, शिधा घराला मिळतो, ताट माणसाला मिळतं. शाळेतल्या मुलांना पूर्वी महिन्याला ३ किलो धान्य घरी दिलं जायचं. ते घरच्या पोत्यात मिसळून जायचं, मुलाच्या पोटात किती गेलं ते कुणालाच कळायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे ते ताट मुलासमोर आलं. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईचंही तेच आहे. किट आणते ती, आणि पातेलं खरवडून खातेही तीच.

खर्च कमी करायचा तर थाळीच्या मागे लागू नका. शंभर माणसांना प्रत्येकी तीन पोळ्या म्हणजे ९ किलो कणीक, ३०० पोळ्या, चार बायका, दोन मोठे तवे आणि दीड-दोन तास. शिवाय गॅस. तेवढ्याच माणसांची खिचडी एका पातेल्यात होते: ९ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, दीड लिटर तेल, अर्धा किलोच्या आसपास मीठ आणि सुमारे ४५ लिटर पाणी. पातेलं ८० लिटरचं तरी हवं, नाहीतर उतू जातं. पाणी आधी खळखळून उकळायचं आणि मगच डाळ-तांदूळ सोडायचे. थंड पाण्यात सोडले की तळाशी बसतात आणि वरचा भात कच्चा असतानाच बुडाला लागते. मूग नसेल आणि तूर घ्यावी लागली तर ती तासभर भिजवा, आणि टोमॅटो किंवा चिंच डाळ मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ बोटचेपी होतच नाही. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर आणखीच वेळ लागतो. वर मूठभर शेंगदाणे आणि पालेभाजी घातली की ताट पुरं.

तराजू

चूलभानसताई, प्रमाण बरोबर आहे. मला भीती पुढची वाटते. खिचडी अकराला उतरते, टेम्पो बाराला निघतो, वाटप दोनला संपतं आणि उरलेलं "रात्री कुणाला तरी देऊ" म्हणून झाकून ठेवतात. तिथेच घात होतो. ८० लिटरच्या पातेल्याचा मधला गोळा तासन् तास कोमट राहतो. तांदळातल्या काही जिवाणूंचं बीज उकळल्यावरही मरत नाही. कोमट भातात ते वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे "परत गरम केलं होतं" याला काही अर्थ नसतो.

ज्यांना स्वयंपाक करायचाच आहे त्यांनी उतरवल्यापासून शेवटच्या घासापर्यंत चार तासांची मर्यादा पाळावी. वाटप होईपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, त्यासाठी दुहेरी भिंतीचे स्टीलचे डबे घ्यावे आणि दांडीचा थर्मामीटर मधोमध खुपसून बघावं. प्लास्टिकच्या बादलीत गरम खिचडी भरून झाकण लावू नये. उरलं तर टाकावं, उद्याच्यात मिसळू नये.

लग्नाच्या हॉलमधून येणाऱ्या अन्नाला तर दहादा विचारा. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) २०१९ची स्वतंत्र नियमावली आहे, वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची असते. पण कागदापेक्षा दारातला माणूस महत्त्वाचा. त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: शिजलं किती वाजता, आणि पातेलं पाहुण्यांसमोर मांडलं होतं का? मांडलेलं घेऊ नये. पनीर, मासे, दहीवडे, ओल्या नारळाची चटणी, कापलेली फळं सरळ नाकारावीत. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू द्या. हे सगळं रोज, बिनचूक पाळणं स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या केंद्राला झेपत नाही, म्हणून माझं मत कोरड्या शिध्याच्या बाजूने.

चूलभानस

तराजूराव, यातली एकही गोष्ट न झेपण्यासारखी नाही. शाळेचा पोषण आहार बचत गटाच्या बायका वर्षानुवर्षं शिजवतात. स्वयंसेवकांच्या भरवशावर चूल चालवू नका, वस्तीतल्याच तीन-चार बायकांना पगार देऊन नेमा. ४५ लिटरची तीन छोटी पातेली लावा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने उतरवा, म्हणजे कोमट गोळा राहतच नाही. घरगुती लाल सिलिंडर वापरू नका, ते बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. आणि कृपा करून त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा. बहुतेक केंद्रं धान्य दानात मिळवतात आणि गॅसवर बंद पडतात.

रेशनमित्र

तुम्ही सगळे डाळीवर भांडताय आणि घराच्या हक्काचं २० किलो धान्य दरमहा बुडतंय त्याचं काय? कोणत्याही दात्यापेक्षा मोठा पुरवठा अन्नसुरक्षा कायदा २०१३चा आहे. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. अन्नकेंद्राने आठवड्यातून दोन दिवस एक टेबल फक्त रेशनच्या कागदांसाठी ठेवावं.

अडतं कुठे ते ठरलेलं आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, आणि नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय ते सासरच्या कार्डावर चढत नाही. बाळाचा जन्मदाखला असतो, पण नाव घालायला कुणी गेलेलं नसतं. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेल्या सदस्याचं धान्य थांबतं. बिगारी आणि धुण्याभांड्याचं काम करणाऱ्यांचा अंगठा रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर उमटत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, ओटीपी किंवा बुबुळाचा पर्यायही असतो, पण तो मागावा लागतो. पावती मागा, तिच्यावर किती किलो उचल दाखवली ते वाचा. कमी दिलं तर १९६७ वर तक्रार करा.

बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला गावाकडच्याच कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं. आपल्या वाट्याचं इथे उचलता येतं, उरलेलं घरचे तिकडे उचलतात. हे अजून किती तरी लेबर कॅम्पवर माहीतच नाही.

मूठभर

रेशनमित्र, टेबल ठेवा, जरूर ठेवा. पण महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली उत्पन्नमर्यादा ठरली ती वर्षाला ५९,००० रुपये. रोज ३०० रुपये मजुरी आणि महिन्याला वीसच दिवस काम धरलं तरी ७२,००० होतात. म्हणजे खरं उत्पन्न लिहिणारा बाहेर. त्यात राज्याचा लाभार्थ्यांचा कोटा सुमारे ७ कोटींचा, तोही २०११च्या जनगणनेवर बेतलेला. अर्ज बरोबर असूनही "इष्टांक शिल्लक नाही", म्हणजे कोटा भरला, हे उत्तर मिळतं. तोवर त्या घराने काय खायचं? कागद होईपर्यंत भूक थांबत नाही, म्हणून ताट हवंच.

रेशनमित्र

इष्टांकाचं उत्तर लेखी घ्या. तोंडी नकाराला पुढे दाद मागता येत नाही. लेखी असेल तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. स्थलांतरित असेल तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत जोडा. ई-श्रमवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या मजुरांना कोट्याचं कारण न सांगता कार्ड द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलेलं आहे. "तोवर ताट" मान्य, पण त्या "तोवर"ला तारीख हवी. चार वर्षं तोच माणूस रांगेत असेल तर केंद्राने त्याच्यासाठी जेवणापलीकडे काही केलंच नाही.

ओटा

एक मुद्दा राहिला. ताट पूर्ण फुकट देण्याऐवजी ५ किंवा १० रुपये घ्यावेत. पैसे देणारा माणूस "आज मीठ जास्त झालंय" असं म्हणू शकतो, फुकट घेणारा गप्प खातो. ज्याच्याकडे तेही नाहीत त्याला न विचारता कूपन द्या, रंग सगळ्यांचा एकच. आणि घेणाऱ्याचा फोटो काढणं बंद. दात्याला पुरावा हवा असेल तर धान्याची बिलं आणि रोजच्या ताटांची वही दाखवा.

धान्यकोठी

ओटा, फोटोबद्दल शंभर टक्के सहमत. चूलभानसताई, एकटे वृद्ध, आजारी आणि अड्ड्यावरचे मजूर यांच्यासाठी चूल हवी हे मान्य. पण मग तिचं गिऱ्हाईक ठरवा. ज्या घरात गॅस आणि भांडी आहेत त्या घराने रोज डबा घेऊन रांगेत येणं यात बाईचे दीड-दोन तास जातात, त्यात तिचं एखादं काम बुडतं. अशा घराला शिधाच द्या.

चूलभानस

त्या घरांना शिधा द्यायला माझी ना नाही. पण यादी करताना "गॅस आहे का" एवढंच विचारू नका. "भरलेला आहे का, आणि शेवटचा कधी भरला" ते विचारा.

तराजू

आणि शिधा देणार असाल तर पावसाळ्यात आटा देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या खोलीत महिन्याभरात त्यात अळ्या होतात. गहू द्या आणि जवळच्या गिरणीशी दळणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला बांधून घ्या. डाळीची पोती केंद्रात थेट फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि आधी आलेलं पोतं आधी बाहेर.