'ऑब्व्हियसली' म्हणजे 'अर्थातच' ना?

तिखटमीठ:
परवा ग्राहकाला इंग्रजीत मेल लिहिला: ऑब्व्हियसली, दोन्ही प्रतींवर सही लागेल. साहेबांनी पहिल्याच शब्दाखाली लाल रेघ मारली. "समोरच्याला बावळट म्हणतोयस का?" मराठीत 'अर्थातच' लिहिलं असतं तर कुणी डोळे वटारले नसते. माझ्या मते शब्द निरुपद्रवी आहे, साहेबच हळवे.

पारावरचा:
साहेबांचं बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'ओब' म्हणजे समोर, 'विया' म्हणजे वाट. ऑब्व्हियस म्हणजे वाटेत आडवं आलेलं. भर रस्त्यात म्हैस बसलीय आणि तुम्हाला दिसत नाही, असं तुम्ही ग्राहकाला ऐकवलंत. आपलं 'अर्थात्' ही संस्कृत पंचमी, 'अर्थावरून'. आधीच्या बोलण्यातून जे निघतं ते. त्यात कुणाचे डोळे काढलेले नाहीत.

तिखटमीठ:
मूळ अर्थच धरून बसायचं तर 'साहस' म्हणजे संस्कृतात दांडगाई, अत्याचारसुद्धा. म्हणून साहसी मुलांना शौर्य पुरस्कार द्यायचे नाहीत का? आमच्याकडची नवी पोरं दर तिसऱ्या वाक्यात 'ऑब्व्हियसली' म्हणतात. 'म्हणजे कसंय' म्हणावं तसं. कुणाला काही टोचत नाही.

शेवग्याची शेंग:
बोलताना खपतं हो, लिहिताना नाही. पण शब्द सरसकट वाईट नाही, तो कोणाला ऐकवताय ते बघा. दारात ओली छत्री आहे, जिन्यावर चिखलाचे ठसे आहेत. 'ती ऑब्व्हियसली पावसातून आलीय' म्हटलं तर कोणाचाच अपमान नाही, पुरावा समोर आहे. इथे मराठीत 'उघडच आहे' किंवा नुसतं 'दिसतंयच'. आता कुणी विचारलं, "तुमचं पेन घेऊ का?" 'ऑफ कोर्स' म्हणालात तर पेन आनंदाने दिलंत, आपलं 'घ्या की!' 'ऑब्व्हियसली' म्हणालात तर पेन देऊन वर 'हे काय विचारणं झालं?' अशी चपराक. तुमचा मेल या दुसऱ्या जातीचा. सही लागते हे ग्राहकाला ठाऊक असतं तर तुम्ही लिहिलंच नसतं, आणि ठाऊक नसेल तर ते ऑब्व्हियस कसं?

पारावरचा:
+१. आणि नुसतं 'अर्थात' वाक्याच्या सुरुवातीला आलं की पुष्कळदा माघार असते. 'अर्थात, माझं चुकतही असेल.' तिथे ऑब्व्हियसली घालून बघा, कसं दिसतं ते.

तिखटमीठ:
शेंगताई, शेवटचा मुद्दा बिनतोड. मेलमधून शब्द काढला. पण पेनाचं पटलं नाही. आमच्या घरी 'घ्या की!' सुद्धा चपराकीच्याच सुरात म्हणतात.