नवीन टीव्हीवर पिक्चर सिरीयलसारखा दिसतोय आणि डायलॉग ऐकू येत नाहीत, सेटिंग कुठून सुरू करू?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात ५५ इंची फोरके टीव्ही घेतला. दुकानात चित्र एकदम भारी वाटलं होतं पण घरी रात्री पिक्चर लावला की काहीतरी खटकतं, माणसं नको तितकी गुळगुळीत हलतात, आवडता जुना पिक्चरसुद्धा सिरीयलचं शूटिंग चाललंय असा दिसतो आणि चेहरे मेणाचे, निळसर. आवाजाचं तर विचारूच नका, बोलणं ऐकू येईना म्हणून ३५ वर न्यावा तर लगेच म्युझिक सुरू होतं आणि घर दणाणतं. आईला आधीच थोडं कमी ऐकू येतं, ती आता अर्ध्यातून उठून जाते, याचं फार वाईट वाटतं. सगळं व्हिविड मोडवर आहे, मेनूत इतकी नावं आहेत की हात लावायची भीती वाटते.

मंदप्रकाश
भीती आधी काढून टाका, पिक्चर रीसेट नावाचा ऑप्शन असतो, काहीही बिघडलं तरी मूळ जागी येतं.

व्हिविड हा मोड दुकानातल्या झगझगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो, घरी रात्री तो नकोच. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. सिनेमे बहुतेक सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि टीव्ही ६० किंवा १२० वेळा चित्र बदलतो, मधल्या फ्रेम तो स्वतःच्या मनाने बनवून घालतो, म्हणून ते सिरीयलसारखं दिसतं. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. बंद करा.

कलर टेंपरेचर, म्हणजे चित्राचा निळसर-पिवळट कल, वॉर्म ठेवा. पहिले दोन-चार दिवस पिवळट वाटेल, पण लगेच परत फिरू नका, डोळे सरावतात आणि मग जुनं सेटिंगच निळं दिसायला लागतं. शार्पनेस बराच खाली आणा, तो वाढवला की कडांना पांढरी रेघ येते, डिटेल काही वाढत नाही.

आणि एक, ब्राइटनेस बऱ्याच टीव्हीत उजेडासाठी नसतोच, काळा किती काळा दिसणार ते तो ठरवतो, उजेडासाठी बॅकलाइट वेगळा असतो. अंधाराचा सीन लावून काळ्या कोटाच्या चुण्या जेमतेम दिसतील इतकाच ब्राइटनेस ठेवा, मग पांढऱ्या शर्टाची बटणं दिसेनाशी होणार नाहीत इतका कॉन्ट्रास्ट.

कानोसा
मी आवाजाबद्दल सांगते, आमच्याकडेही सासूबाईंसाठी हेच सगळं केलं. पिक्चरचा आवाज बऱ्याचदा ५.१ असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक दणक्याच्या आवाजाचा, त्यात बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. टीव्हीत तो स्पीकर नसतो, सगळं दोन बारीक स्पीकरमध्ये कोंबलं जातं आणि तेही बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. म्हणून आधी अ‍ॅपमध्ये ऑडिओ ५.१ असेल तर स्टीरिओ, म्हणजे दोन स्पीकरचा, निवडून बघा, टीव्हीतला व्हर्च्युअल सराउंड (चारी बाजूंनी आवाज येतोय असा भास) बंद करा आणि क्लिअर व्हॉइस किंवा डायलॉग एन्हान्समेंट असं काही असेल तर चालू करा. नाइट मोड असेल तर तोही, त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीक आवाज वर येतो. बास दोन-तीन घर कमी केला तरी बोलणं मोकळं होतं. आईंसाठी सबटायटल लावायला मात्र अजिबात संकोच करू नका, आमच्याकडे आता सगळ्यांनाच सवय झालीये.

तिसरी_बेल
मोशनबद्दल थोडं वेगळं मत. मॅच बघताना मी ते कमीवर चालू ठेवतो, बॉल स्वच्छ दिसतो. स्पोर्ट्स आणि सिनेमा असे दोन मोड वेगवेगळे सेट करून ठेवा. आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा) पिक्चर लागला की सेटिंग वेगळी असतात, तिथे हे सगळं परत एकदा तपासावं लागतं, नाहीतर वाटतं केलेलं सगळं पुसलं गेलं.

खिडकीपाशी
मोशन बंद केलं आणि लगेच फरक! स्टीरिओ आणि क्लिअर व्हॉइसने आवाज २० वर पुरतोय, काल आई शेवटपर्यंत बसली, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त साउंडबार जोडला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, त्याचं काय करू?

कानोसा
किती छान वाटलं वाचून! साउंड मेनूत एव्ही सिंक किंवा ऑडिओ डिले बघा, पण आवाजच मागे असेल तर डिले वाढवायचा नाही, शून्याकडे आणायचा. ब्लूटूथने जोडला असेल तर आधी एचडीएमआय एआरसीची (टीव्हीचा आवाज साउंडबारला नेणाऱ्या सॉकेटची) वायर लावून बघा, उशीर बहुतेक तिथेच होतो.