ग्रेटफुल डेड: सुरुवात लाइव्हपासून करा

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे दोन स्टुडिओ अल्बम ऐकून "यात एवढं काय आहे" असं वाटलं असेल, तर तुमचं काही चुकलं नाही हो, या लोकांचा खरा माल लाइव्हमध्येच आहे. 'डार्क स्टार' हे गाणंच घ्या, १९६८चं सिंगल तीन मिनिटांच्या आत संपतं आणि १९६९च्या 'लाइव्ह/डेड' या लाइव्ह अल्बमवर तेच गाणं वीसेक मिनिटांच्या वर जातं! पण लगेच तिथे उडी मारू नका, मी मारली होती, झोप लागली. आधी ८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला शो लावा, त्यात 'स्कार्लेट बिगोनियाज' या गाण्यातून 'फायर ऑन द माउंटन' या गाण्यात कधी शिरतात तेच कळत नाही. हेडफोन लावून फक्त बँडचा बेसवादक फिल लेश याचा बेस पकडा, गिटारवादक जेरी गार्सियाची गिटार आपोआप ऐकू येतेच.