उणे ५५ मध्ये बर्फ वितळतो कसा??

दर्याकिनारी:
मंडळी एक बेसिक शंका आहे, हसू नका. अंटार्क्टिकात वोस्तोक म्हणून रशियाचं स्टेशन आहे, तिथे जुलै १९८३ मध्ये उणे ८९.२ नोंदलं गेलंय आणि वर्षाची सरासरीच उणे ५५ च्या आसपास. मग तापमान दोन-तीन डिग्री वाढलं तरी उणे ५२ होणार ना, त्यात बर्फ वितळेलच कसा? सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी हे विचारलं आणि सगळे गप्प.

हिमनदीवेडा:
काकांचं गणित बरोबर आहे, जागा चुकली. वोस्तोकचा बर्फ तिथल्या तिथे वितळतोय असं कुणी म्हणतच नाहीये. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो, तव्यावर घट्ट पीठ पसरावं तसा, आणि खरा खेळ किनाऱ्याला आहे. समुद्राचं पाणी खारट म्हणून उणे १.९ ला गोठतं, खोलवर दाबामुळे बर्फाचा द्रवणांक अजून थोडा खाली जातो, आणि पश्चिमेला अमुंडसेन समुद्रात खालून जे पाणी येतं ते चक्क शून्याच्या वर, अधिक १ च्या आसपास. आपली बोटं बधिर होतील त्यात, पण बर्फाच्या हिशोबाने ते ऊन पाणीच. वर हवा उणे २० असो नाहीतर उणे ४०, तळ पोखरला जायचा तो जातोच.

त्याच किनाऱ्यावरच्या थ्वेट्स हिमनदीचं बघा. जानेवारी २०२० ला तिथे गरम पाण्याच्या झोताने जवळपास ६०० मीटर जाड बर्फात भोक पाडलं आणि त्यातून आइसफिन नावाचा लांबुळका रोबोट खाली सोडला. तळ सपाट होता तिथे वितळणं अंदाजापेक्षा कमी निघालं, पण भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर दणकून. ही एकटी हिमनदी महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठी आहे, पूर्ण गेली तर जगभर समुद्र साधारण ६५ सेंमी वर. उद्या-परवा नाही अर्थात.

शंकासूर:
पण २०२२ ला अंटार्क्टिकात बर्फ वाढला त्याचं काय? ते बरं कुणी सांगत नाही.

हिमनदीवेडा:
वाढला ना, कुणी लपवलेलं नाहीये. पूर्व बाजूला तुफान हिमवर्षाव झाला. गरम हवा जास्त बाष्प धरते, ते आत शिरलं की बर्फ होऊन पडतं. मार्च २०२२ मध्ये उत्तरेकडून असाच बाष्पाचा लोंढा आला तेव्हा पूर्वेकडच्या आतल्या भागातल्या कॉनकॉर्डिया स्टेशनला उणे ५० च्या जागी उणे १२ च्या आसपास तापमान गेलं, आणि त्याच दिवसांत कॉन्गर नावाचा किनाऱ्यावरचा तरंगता हिमपट्टा तुटून गेला. म्हणून एकाच वर्षाचा आकडा धरून बसायचं नसतं. २००२ पासून ग्रेस उपग्रहांची जोडी, आणि ती बंद पडल्यावर तिच्या जागी आलेली दुसरी, गुरुत्वाकर्षणातला फरक मोजून बर्फाचं वजन काढतात, त्यात सरासरी घट वर्षाला १४०-१५० अब्ज टन येते.

वास्कोकार:
थोडं अवांतर. सगळीकडे उणे ५० नसतं हो. आपलं मैत्री स्टेशन किनाऱ्यापासून आत शिरमाखर ओॲसिसमध्ये उघड्या खडकावर आहे, उन्हाळ्यात तिथे पारा कधीकधी शून्याच्या वर जातो, शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं पाणीच स्टेशनला वापरतात. आणि इथे वास्कोत, सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात, तिकडे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्या उणे २० च्या खोलीत ठेवतात, बाहेर आपला मे महिन्याचा घाम!

दर्याकिनारी:
भारी! पण तरंगता बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढत नाही हे शाळेत शिकलोय, मग तो कॉन्गर गेल्याने काय बिघडलं?

हिमनदीवेडा:
त्याच्याने थेट जवळजवळ काहीच नाही. पण असे पट्टे मागच्या जमिनीवरच्या बर्फाला टेका देऊन अडवतात. २००२ ला लार्सन बी नावाचा पट्टा, ३००० चौ. किमीहून मोठा, महिन्याभरात भुगा झाला आणि त्याच्या मागच्या काही हिमनद्या आधीच्या कितीतरी पट वेगाने समुद्रात यायला लागल्या. तो बर्फ जमिनीवरचा, म्हणजे पातळी वाढवणारा. काकांना हे पाठवा, बघू काय म्हणतात.