पाळीने मुलं सांभाळताना कूलर आधी बघा

उन्हाळी सुट्टीत शेजारच्या 4 घरांनी पाळीने मुलं सांभाळावीत का, असा प्रश्न आहे. जमतं. पण नागपूरच्या मे महिन्यात ज्या घरी पाळी, तिथला कूलर आधी तपासा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसलं आणि आत वीज गळत असली, की ओल्या हाताने जाळी धरलेलं पोर शॉक लागून चिकटू शकतं. तीन पिनांचा प्लग असूनही कित्येकदा सॉकेटमागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. वायरमनला उघडून पाहायला लावा. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा. पाणी भरायचं ते प्लग काढूनच, आणि मोठ्यांनीच.

एका मोठ्यामागे 4 मुलं पुरे. औषधं, न चालणारे पदार्थ, न्यायला कोण येणार, हे फ्रिजवर लिहून लावा. गट मोडतो तो बहुधा सगळा भार एकाच आजीवर पडल्याने. त्या "राहू दे" म्हणाल्या तरी त्यांची पाळी मोजा.