मदत हवी आहे: मेद्रोन्यूच्या जॅममधली कचकच कशी घालवू?

नमस्कार मंडळी,

जरा घाईत विचारतेय, कारण फळं फ्रिजमध्ये आहेत आणि ती टिकाऊ अजिबात नसतात.

आम्ही पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्गार्वमध्ये राहतो. इथल्या मोंशीकच्या डोंगरात मेद्रोन्येइरूची, म्हणजे ज्याला मेद्रोन्यू ही फळं लागतात त्याची, झुडपं चिक्कार. शास्त्रीय नाव आर्बुटस उनेडो. माद्रिद शहराच्या मानचिन्हात अस्वल ज्या झाडाला पुढचे पाय टेकून उभं असतं, ते हेच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये या भागात मोठा वणवा लागला, सुमारे २७ हजार हेक्टर जळालं. पण हे झुडूप जळालं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. यंदा चांगलंच लगडलंय. एका ओळखीच्या आजोबांच्या रानातून, त्यांना विचारूनच, फळं आणली.

ओळख पटवून द्यायची गरज नाही. चिवट, कडेला दाते असलेली पानं, आणि एकाच फांदीवर पांढरी घंटेसारखी फुलं नि पिकलेली लाल फळं. फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, म्हणून गेल्या वर्षीच्या फुलांची फळं आणि यंदाची फुलं एकत्र दिसतात. त्याच रानात त्रोविश्कू नावाचं विषारी झुडूपही असतं, पण त्याची लाल फळं बारकी आणि गुळगुळीत. मेद्रोन्यू वरून खरखरीत, आत पिवळा गर, दिसायला छोट्या लिचीसारखं.

अडचण अशी, की गर साखरेत शिजवून पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढला, तरी दाताखाली कचकच लागतेच. मलमलच्या कापडातून गाळला तर गरच फारसा उरणार नाही असं वाटतं. कोणी केलंय का? आधी शिजवून मग गाळायचं, की कच्चाच गाळायचा? चव गोड पण मिळमिळीत आहे, त्यामुळे लिंबू पिळणारच. किलोभर गराला किती घालू? सोबत सफरचंद शिजवलं तर जॅम नीट धरेल का?

दुसरं म्हणजे, फार पिकलेली फळं झाडावरच आंबायला लागतात. आणलेल्यांपैकी काहींना दारूचा वास येतोय. घरात लहान मुलं आहेत, तेव्हा ती सरळ बाजूला काढू ना? इथे फळं पिंपात आंबवून तांब्याच्या भट्टीत मेद्रोन्यूची दारू गाळतात. काजूची फेणी माहीत असलेल्यांना हे नव्याने सांगायला नको, पण कृपया तो सल्ला देऊ नका, सासूबाई आल्या आहेत.

आणि हो, फळांसोबत थोडी फुलंही तुटून आलीत. सार्डिनियात या फुलांचा मध कडू म्हणून प्रसिद्ध आहे. फुलं राहिली तर जॅमही कडवट होईल का?

फोटो हवे असतील तर संध्याकाळी टाकते. उद्या सकाळी उरलेली फळं शिजवायला घेणार आहे.